दोन रिंगा

ऑकलंडच्या पेनरोज भागात आमचं ऑफिस होतं. एका बाजूला टायरचं गोदाम, दुसऱ्या बाजूला बिस्किटांची फॅक्टरी, त्यामुळे दुपारी अख्ख्या मजल्यावर भाजक्या पिठाचा वास यायचा. आमचं काम टेलिफोन कंपन्यांसाठी फसवे कॉल अडवायचं. २०१८ साली एका रिंगच्या चोरीचा सुळसुळाट झाला होता. फोन एकदा वाजून कट व्हायचा. कुतूहलाने उलटा फोन केला की तो कुठल्यातरी लांबच्या बेटावर लागायचा आणि मिनिटागणिक तुमचा खिसा कापला जायचा. हल्लीच्या चोरांना कुणाच्या दारापर्यंत जायचेही कष्ट नकोत.

त्यांना पकडणारा नियम मी लिहिला. अर्ध्या तासात तीसहून जास्त लोकांना रिंग देऊन, कुणी उचलायच्या आत कट करणारा नंबर आपोआप बंद. मग तो परदेशातला असो नाहीतर इथला. माणसाने त्यात हात घालायची गरजच नव्हती. ऑफिसात त्याला ‘रमण रूल’ म्हणायला लागले आणि मीही काही कमी शेफारलो नाही. त्यातला एक बारकावा तर माझा फार लाडका होता. आपण अडवले गेलोय हे चोराला कळू नये म्हणून त्याच्या कानात खोटी रिंग वाजत राहायची.

जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत, आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. मी, माझी बायको नीलांबरी आणि आठ वर्षांची मैत्रेयी ऑकलंडच्याच फ्लॅट बुश भागात राहतो. घरं मोठी, रस्ते रुंद आणि रस्त्यावर माणूस औषधालाही सापडायचा नाही. आईला मी सगळे कॉल फुकट असलेला फोन घेऊन दिला. काही उपयोग झाला नाही. तिचा सगळा संसार मिस कॉलवर चाललेला. एक रिंग म्हणजे पोहोचले, दोन म्हणजे न्यायला ये. फोन उचलायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं.

एक जुलैच्या रविवारी पुकेकोहे गावात ओळखीच्या मंदाकाकूंकडे सत्यनारायण होता. आईला तिथे पुण्यातल्यासारख्या गप्पा मारायला माणसं भेटली आणि ती फुलून गेली. “थांबा, मिस कॉल देते, नंबर सेव्ह करून घ्या,” असं म्हणत तिने एकेका बाईला रिंग दिली. वीस मिनिटांत चौतीस बायका. मी तीन फुटांवर प्रसादाचा शिरा खात उभा होतो आणि कौतुकाने हसत होतो.

सोमवारी पाऊस होता. मंगळवारी दहा वाजता आई फिरायला पार्कात गेली आणि परत आलीच नाही.

पोलिसांत अरोहा नावाची कॉन्स्टेबल होती. तिने सगळं नीट केलं. कुत्रे आणले, ड्रोन उडवले, शेजाऱ्यांच्या दारावरचे कॅमेरे तपासले. एका कॅमेऱ्यात आई दिसली, स्वेटरवर माझं जुनं जॅकेट घालून पार्ककडे वळताना. त्यापुढे काही नाही. फोन बंद. आईने कुणाला कॉल केल्याची नोंदसुद्धा नव्हती.

“तिने फोन का केला नसेल?” नीलांबरी सारखी विचारत होती. “रमण, तिला फोन करता येतो रे.”

शुक्रवारी ऑफिसात बसल्याबसल्या मला एकदम आठवलं. आमच्या सिस्टिमने अडवलेले कॉल पुढे कुठेच जात नाहीत, म्हणून पोलिसांच्या यादीतही येत नाहीत. ते आमच्या लॉगमध्ये पडून राहतात. मी आईचा नंबर टाकला.

रविवारी दुपारी बंद केलेला. कारण, माझा नियम.

मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांपासून पावणेदोनपर्यंत तिने मला सतरा वेळा फोन केला होता. प्रत्येक वेळी दोन रिंगा देऊन कट. माझा फोन एकदाही वाजला नव्हता. तिला मात्र प्रत्येक वेळी दोन रिंगा व्यवस्थित ऐकू आल्या होत्या. मुलाला कळलं, आता येईलच तो, असं समजून ती बसून राहिली असणार.  

ते कॉल ज्यावरून आले तो टॉवर लॉगमध्ये होता. तो मी अरोहाला दिला. शनिवारी पार्कामागच्या ओढ्याजवळ, नेच्यांच्या गचपणात, आईचा फोन सापडला. पाण्याने फुगलेला. आई नव्हती. फोन पिशवीत घालून माझ्यासमोर सील केला.

“रमण, आय ॲम सो सॉरी,” अरोहा म्हणाली. “या थंडीत इतके दिवस... तुम्ही मनाची तयारी ठेवा.”

मी ठेवली नाही. सोमवारी ऑफिसात गेलो आणि लॉग उघडला.

रविवारी, अकरा वाजून पाच. आईचा नंबर. दोन रिंगा. अडवला.

सोमवारी, अकरा वाजून पाच. पुन्हा.

शेजारच्या टेबलावरच्या चिरागला दाखवलं. “अरे, स्पूफिंग आहे,” तो म्हणाला. “कुणीतरी काकूंचा नंबर पुढे करतंय. हीप्स ऑफ देम करतात. कुठल्या एक्सचेंजमधून आला ते बघ ना.”

बघितलं. तो रकाना रिकामा होता. टॉवरचाही रिकामा. कॉल कुठूनच आला नव्हता, थेट आमच्याकडे पोहोचला होता.

चिरागने खुर्ची जवळ ओढली, पुन्हा सगळं चाळलं. मग म्हणाला, “हे मला नको दाखवूस.” त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

मी अरोहाला फोन करून विचारलं, तो फोन कुणी चालू केलाय का? “तो आमच्या पुराव्यांच्या स्टोअरमध्ये आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “सिमसुद्धा काढून ठेवलंय.”

मंगळवार, बुधवार, गुरुवार. अकरा वाजून पाच. दोन रिंगा.

आईचा एकटा नंबर सोडवून बघितला. सिस्टिम दहा सेकंदांत तो परत बंद करायची. एकदा सापडलेला नंबर सुटू द्यायचा नाही, मी लिहिलेलंच होतं तसं. चोख.

मग शुक्रवारी संध्याकाळी मी अख्खा नियमच काढून टाकला. नोकरी जाणार होती. देशभर फोन वाजणार होते, लोक फसणार होते. मला कुणाचंही काही वाटत नव्हतं. मला आई हवी होती. कुठेही, कशीही.

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलाशी फोन पुढ्यात ठेवून बसलो. स्वच्छ ऊन पडलं होतं. नीलांबरी वर कपड्यांच्या घड्या घालत होती. मैत्रेयी जमिनीवर चित्र रंगवत होती.

अकरा वाजून पाच. फोन वाजला.

आयुष्यभर आईचा मिस कॉल मी उचलला नव्हता. दुसऱ्या रिंगला उचलला.

“आई?”

पाण्याचा आवाज. मग तिचा. रोजचाच, जरा वैतागलेला.

“किती वेळची बसलेय मी. दोन रिंगा दिल्या की निघायचं असतं ना रे?”

“आई, कुठे आहेस तू? सांग, मी आत्ता येतो.”

“राहू दे आता. घर दिसतंय इथनं. माझी मीच येते.”

फोन बंद झाला.

मैत्रेयीने मान वर केली. “बाबा, हू वॉज दॅट?”

“राँग नंबर.”

अकरा दिवस मी याच एका गोष्टीसाठी तडफडलो होतो. आई परत यावी, बस.

मी उठलो आणि पुढच्या दाराला आतून कुलूप लावलं. मग मागच्याही.