छतावरचा रस्ता

घ्या की प्रोजेक्टर! नको कोण म्हणतंय? पण तासभर ऐकतोय मी तुमचं. हा म्हणतो उजेड तीन हजार लुमेन हवा, ही म्हणते पाच हजार, आणि हॉल केवढा? चार माणसं पाय पसरून बसली की पाचव्यानं उभं राहायचं. नाकापेक्षा मोती जड! भाचेबुवा, मशीन नंतर निवडतात. ते कुठे ठेवायचं आणि त्याचं तोंड कुठे करायचं, ते आधी ठरवतात. आता हे काही माझं ज्ञान नाही, मी आपला जन्मभर चष्मे विकले. हे टेपभाऊंचं.

टेपभाऊ म्हणजे माझ्या शेजारचे प्रोजेक्टरचे दुकानवाले. कमरेला कायम मोजायची टेप, म्हणून टेपभाऊ. खोली मोजल्याशिवाय माणूस मशीन विकायचा नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच उलटतपासणी सुरू: भिंतीचा रंग कोणता, खिडकी कुठे, घरात पोरं किती, मधून पळतात का? मग मशीन लावून स्वतःचा पंजा उजेडात धरायचे. भिंतीजवळ धरला की सावली पंजाएवढीच. पंजा मशीनकडे आणत आणला की सावली वाढत जायची, आणि काचेशी नेला की अख्खी भिंत काळी. म्हणायचे, "सावली वाढली की समजायचं, कोणीतरी मशीनजवळ येतंय. म्हणून जायच्या-यायच्या वाटेत मशीन ठेवू नका."

एवढं लक्षात ठेवा. आणि तो कोपऱ्यातला दिवा राहू दे गं, विझवू नकोस.

तर एका दुपारी त्यांच्याकडे एक ताई आल्या. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होत्या. म्हणाल्या, "प्रोजेक्टर हवाय. चित्र छतावर पाडायचंय."

"छतावर?" टेपभाऊंच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"बाबा उताणे असतात. अर्धं अंग गेलंय. कुशीवरसुद्धा मलाच वळवावं लागतं. दिवसा छत, रात्री छत, दुसरं बघणार काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि रात्री म्हणतात, वर कोणीतरी आहे. वाकून बघतं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, या आजारात भास होतात. छत नवीन पांढरं करून घेतलं, तरी तेच. मग म्हटलं, तिथं दुसरं काहीतरी दाखवलं तर? रात्रभर हाका मारतात हो. तीन महिने डोळ्याला डोळा नाही माझ्या. परवा एकाच्या रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं मी. वेळेत कळलं म्हणून बरं, नाहीतर..."

टेपभाऊंना वाईट वाटलं. माणूस तोंडाने फटकळ, पण आतून लोणी. त्यांनी नीट समजावलं, की दिव्याचं मशीन असतं ते आडवंच चालवायचं. तोंड वर केलं की आतली गरमी अडकते आणि ते आपोआप बंद पडतं. तुम्हाला लेझरचं लागेल. आवाज कमी, तोंड कुठेही करा, रात्रभर चालतं. पण ते मागवावं लागेल, बुधवारी येईल.

"आणि बुधवारपर्यंत?" ताईंनी विचारलं.

टेपभाऊंनी दुकानात दाखवायला ठेवलेलं दिव्याचंच मशीन उचललं. म्हणाले, एका रात्रीनं काय होतंय, मी स्वतः बसतो शेजारी, तापायला लागलं की बंद करीन. आयुष्यात दुसऱ्या कुणाला त्यांनी हे करू दिलं नसतं.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. जेवणं आटपून दहाच्या सुमारास ते पोचले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या. बाबांच्या खोलीत उंच पायांचा लोखंडी पलंग, औषधांचं टेबल, एक खुर्ची. बाबा जुने बस ड्रायव्हर. अंग वाळलं होतं, पण मनगट अजून जाड. बोलणं तुटक, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं.

"काका, सिनेमा बघणार ना?" टेपभाऊंनी विचारलं.

बाबा वर बघत होते.

टेपभाऊंनी उशाशी स्टुलावर मशीन ठेवलं, तोंड वर केलं. ताईंनी खास एक चित्रफीत करून आणली होती. बाबांच्या जुन्या मार्गावर एका ओळखीच्या ड्रायव्हरने काचेपाशी कॅमेरा लावून सगळा रस्ता टिपला होता. ट्यूब बंद केली आणि छतावर तो रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंची झाडं, वळणं, पूल, समोरून येणारे ट्रक. बाबांच्या तोंडाचा धड अर्धा भाग हसला. उजवा हात चादरीवर हलला, स्टिअरिंग फिरवल्यासारखा. ताई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

"जा, झोपा तुम्ही आता," टेपभाऊ म्हणाले. "मी आहे."

ताई पलीकडच्या खोलीत गेल्या आणि पाठ टेकताच घोरायला लागल्या. हसू नका रे, तीन महिन्यांची झोप होती ती.

साडेबारापर्यंत सगळं छान. टेपभाऊ मधूनमधून मशीनला हात लावून बघत होते. गरम होतं, पण चालण्यासारखं. मग त्यांचं लक्ष वर गेलं. रस्त्याच्या मधोमध एक डाग होता. डोक्याएवढा. त्याखाली दोन्ही बाजूंना उतरता... खांद्यांसारखा.

पहिला विचार धंद्याचा. काचेवर कचरा असणार. त्यांनी काच पुसली. डाग तसाच. मग मशीन जरा फिरवलं. काचेवर काही असतं तर चित्राबरोबर सरकलं असतं. रस्ता भिंतीकडे सरकला. डाग जागेवर.

म्हणजे छतालाच काहीतरी असणार. त्यांनी उठून ट्यूब लावली. छत स्वच्छ. पांढरं फटक. कोळ्याचं जाळंसुद्धा नाही.

"नको..." बाबा बोलले. "ट्यूब... नको. लावली की... दिसत नाही."

"नाही ना काका, काहीच नाही तिथं."

"दिसत... नाही. असतं."

टेपभाऊंनी ट्यूब बंद केली. रस्ता परत उमटला, आणि त्यात ते. आता ते मघापेक्षा मोठं होतं.

बाबांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला... दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. टेपभाऊ म्हणाले, "हो काका. दिसलं."

त्या म्हाताऱ्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी खरं मानलं होतं. त्यांनी टेपभाऊंचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

काय म्हणालास? ड्रायव्हर होते, कुणाला उडवलं असेल? नाही बाबा. तीस वर्षांत कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती. मी चौकशी केली नंतर. तसं काही असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी सापडलं असतं.

तर सावली. टेपभाऊ खुर्चीत बसून बघत होते. डोकं परातीएवढं झालं. कडा पुसट व्हायला लागल्या. शेकडो गिऱ्हाइकांना त्यांनी हेच स्वतःच्या पंजाने दाखवलं होतं. सावली वाढली, की...

ते मशीनजवळ येत होतं. मशीन बाबांच्या उशाशी होतं.

छतापासून सुटलं होतं ते. खाली उतरत होतं. घाई नव्हती त्याला.

टेपभाऊंनी मधल्या रिकाम्या हवेत बघितलं. काही नाही. उजेडात तरंगणारी धूळ, बस. पण एका ठिकाणी धूळ नव्हती. आणि ते ठिकाण मघापेक्षा खाली आलं होतं.

तेवढ्यात मशीनवरचा बारीक दिवा लाल झाला. तापलं होतं. आता दोन-चार मिनिटांत ते बंद पडणार. त्यांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि डाव्या हाताने वारा घालायला लागले. उजवा हात बाबांच्या मुठीत.

"ताईंना उठवू?"

"नको... झोपू दे. पोर... झोपलीय."

झाडं दिसेनाशी झाली. पूल गेला. छतावर एका कोपऱ्यात तेवढा रस्ता उरला. मग तोही...

सगळं छत काळं.

मशीन चालू होतं. पंख्याचा आवाज येत होता. उजेड मात्र वर पोचत नव्हता.

टेपभाऊ उठले आणि बाबांच्या अंगावर वाकले. आडवे झाले, पाठ वर करून. पुढे विचारलं तर म्हणायचे, दुसरं काही सुचलंच नाही. तोंडाशी तोंड. बाबांचा श्वास गालाला लागत होता.

खट्.

मशीन बंद पडलं.

अंधार... पंखा फिरत राहिला. मग तोही थांबला. पलीकडे ताई घोरत होत्या.



पाठीला काही लागलं नाही. वाट बघितली. काहीच नाही.

शेवटी खिशातून मोबाइल काढला. टॉर्च लावली. उशीवर, वर तोंड करून ठेवली.

छत पांढरं. एकही डाग नाही. एकही सावली नाही.

"गेलं, काका," टेपभाऊ म्हणाले आणि खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला. हसूच यायला लागलं त्यांना.

बाबा हसले नाहीत.

आणि मग टेपभाऊंच्या ध्यानात आलं. टॉर्च उशीवर होती, उजेड वर जात होता. जे टॉर्चच्या वर असेल त्याचीच सावली छतावर पडणार. जे खाली असेल... त्याची नाही.

त्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

ट्यूबचं बटण दाराशी, पाच-सहा पावलांवर. एवढा आडदांड माणूस, पण पाचावर धारण बसली होती. उजाडेपर्यंत ते गुडघे पोटाशी धरून खुर्चीत बसून राहिले. खाली वाकून बघायचं धाडस झालं नाही.

सकाळी ताई आल्या त्या चेहरा उजळून. "बाबा, एकदाही हाक मारली नाहीत!"

बाबा म्हणाले, "वर... काही नाही... आता."

त्यावर ताई रडल्याच. टेपभाऊ सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने? त्यांनी टेप काढली, उगाच इकडून तिकडे मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पलंग त्या भिंतीला घेऊ. नवीन मशीनला कोन नीट मिळेल." दोघांनी बाबांसकट पलंग ओढत समोरच्या भिंतीला नेला. मोकळी झालेली फरशी त्यांनी निरखून बघितली. फरशीसारखी फरशी. ताईंनी तिथून झाडून घेतलं, टेपभाऊ घरी जाऊन दिवसभर झोपले.

बुधवारी ते लेझरचं मशीन घेऊन गेले. दार उघडणाऱ्या ताईंना त्यांनी क्षणभर ओळखलंच नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, केस नीट विंचरलेले.

"चार रात्री शांत झोपले बाबा. हूं नाही की चूं नाही. मी पण!" त्या म्हणाल्या. "पाय जपून हं, आत्ताच पुसलंय. पलंगाखालून पुसता पुसता कंबरेचा काटा ढिला झाला माझा."

टेपभाऊ आत गेले. बाबा उताणे होते. पण झोपलेले नव्हते. उजवा हात छातीवर घट्ट धरलेला, आणि निकामी डावा हातसुद्धा त्याच हाताने वर ओढून धरला होता, पलंगाच्या काठापासून लांब. डोळ्यांत झोपेचा लवलेश नव्हता. लाल झाले होते. चार रात्रींचे.

त्यांनी टेपभाऊंकडे बघितलं. मग दाराकडे, ताई गुणगुणत होत्या तिकडे. आणि मान हलवली. अगदी थोडी. नाही. तिला नाही सांगायचं.

टेपभाऊंनी मशीन स्टुलावर ठेवलं. वायर लावायला खाली बसावं लागणार होतं. ते बसले.

खोलीभर फरशी ओली होती. खिडकीचा उजेड तिच्यात चमकत होता. पलंगाच्या चारी पायांभोवती ओलं, भिंतीच्या कडेपर्यंत ओलं. फक्त पलंगाखाली, बाबांच्या बरोबर खाली, एका माणसाच्या लांबीची जागा...

कोरडी होती.