ओढून आणलेलं घर

"तो नकाशा ह्या घरात टांगू नकोस, पोरी," शेजारच्या व्हर्लाबाई म्हणाल्या होत्या. "घराला आपली जुनी जागा दिसते त्यात."

लोरेन हसली होती. कॉलेजात भूगोल शिकलेली ती, असल्या बोलण्याला कुठं भीक घालणार!

पूर्व ओरेगॉनच्या त्या उंच वाळवंटात लाकूड दुर्मीळ. पाण्यावाचून वस्ती उठली, तरी लोक घर मोडत नसत. ओंडक्यांवर चढवून, घोडे जुंपून दुसरीकडे ओढून नेत. विहीर तेवढी मागं राहायची. लोरेनचं घरही असंच आलेलं. जुन्या नकाशात ते दरीपलीकडे होतं: एक काळा चौकोन, शेजारी विहिरीचं निळं वर्तुळ, मागं टेकडीच्या समोच्च रेषांची दाट वेटोळी. तिनं तो नकाशा हौसेनं स्वयंपाकघरात लावला.

थोड्याच दिवसांत तिची चार वर्षांची लेक टिली मागच्या दारानं ओल्या बुटांनी आत आली. तळव्यांना चिखल. पाऊस तर वसंतापासून नव्हता.

"कुठं गेली होतीस गं?"

"विहिरीवर. त्या काकू पाणी देतात."

"कुत्र्याचं भांडं लवंडलं असेल," लोरेनचा नवरा वेस म्हणाला. "आमच्या कॉलेजवाल्या बाईसाहेबांना थेंबभर पाण्यातही भूत दिसतं!"

मग एकदा भांडी घासताना लोरेननं खिडकीबाहेर पाहिलं. समोर सपाट माळ असायचा. आता तिथं टेकडी होती. डावा उतार उभा, उजवा पसरट, माथ्यावर खाच. नकाशातल्या त्या रेषा तिला पाठ होत्या.

तिनं नकाशा उतरवून चुलीत घातला.

टेकडी तिथंच.

"वेस, ती टेकडी..."

"तिचं काय? पहिल्यापासून आहे की."

"चल इथून. आत्ता."

"आणि गुरं कोण बघणार? तुझा बाप?"

ती एकटीच टिलीला घेऊन गावातल्या मोटेलात आली.

तिथून ती रोज दुपारी फोन करते. वेसच्या आवाजामागं रहाट करकरत असतो. "पाणी काय गोड लागलंय, लोरेन!" असं म्हणतो.

काल मात्र तो कुजबुजला, "हळू बोल. टिली आत्ताच झोपलीये."

टिली लोरेनच्या मांडीवर बसून केळं खात होती.

लोरेनला पोरीला सोडून तिकडे जाववत नाही, बरोबर न्यायची छाती नाही. व्हर्लाबाई फोन उचलत नाहीत. तुम्ही त्या रस्त्यानं जाणार असाल, तर वेसकडे जरा डोकावून या. मागच्या खोलीत, टिलीच्या खाटेवर पांघरूण असेल. ते काढू नका. नुसतं श्वासानं हलतंय का, तेवढं बघा.