पन्नास मैलांनंतर

नीलांबरी किराणा दुकानातून बाहेर आली, तेव्हा एक अनोळखी तरुण तिच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. सप्टेंबरचा बारीक पाऊस पडत होता. त्याचं जॅकेट पाठीवर भिजलं होतं, आणि तो बोट पुढे करून काहीतरी मोजत होता.

"एक्स्क्यूज मी, ही माझी गाडी आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

त्याने मान वळवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या भाजणीच्या पाकिटाकडे.

"चारच नट आहेत," तो मराठीत म्हणाला. "पाच हवेत. तू अशी किती दिवस ड्राइव्ह करतेस?"

पहिल्याच भेटीत तू. नीलांबरी नागपूरची, अनोळखी माणसाला अरे-तुरे करायची तिच्या घरात रीत नव्हती. हा इथेच, अमेरिकेत, मिशिगनच्या ट्रॉयमध्ये जन्मला आणि मराठी फक्त आईशी बोलून शिकला, हे तिला नंतर कळलं.

"तुम्ही दिसेल त्या गाडीचे नट मोजता का?"

"नाही. शेजारी पार्क केली होती, म्हणून दिसलं." तो उठला. "हा नट पडला नाहीये. आतला स्टड तुटलाय, म्हणजे ज्यावर नट बसतो तो बोल्ट. कुणीतरी टायरवाल्याने एअर गनने फार टाइट केलं असणार." मग जरा थांबून, "ब्रेक मारलास की स्टीअरिंग थरथरतं?"

ती चपापली. "तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही. गेस केला. टेस्ट केल्याशिवाय मला काहीच माहीत नसतं."

त्याचं नाव ऋषी. तो ऑबर्न हिल्सच्या एका लॅबमध्ये ब्रेक तपासायचं काम करत होता. नीलांबरीही टेस्टरच होती, सॉफ्टवेअरची. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला – डावीकडून जरा जास्त.

तिला गाडी नीट करून हवीच होती, आणि तीन आठवड्यांत. ट्रॉयचं प्रोजेक्ट संपत आलं होतं. कंपनीने तिची बदली सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यूला केली होती. व्हिसावरच्या माणसाला कुणी मत विचारत नाही. तेवीसशे मैल, वाटेत डोंगर, आणि सगळा संसार त्या जुन्या राखाडी गाडीत. शनिवारी, सात ऑक्टोबरला सकाळी निघायचं ठरलं होतं.

"माझ्या घरी गॅरेज आहे," ऋषी म्हणाला. "आई असते घरी," हेही त्याने घाईघाईने जोडलं.

पहिल्या शनिवारी स्टड बदलला. ऋषीने चाक उतरवलं, ब्रेकचा जड भाग तारेने वर टांगून ठेवला. त्याच्या नळीवर वजन येता कामा नये, असं तो म्हणाला. मग हातोडीच्या तीन घावांत तुटका तुकडा मागे पाडला.

"नवा मागून घालायचा. पण ठोकायचा नाही, ओढून घ्यायचा," तो म्हणाला.

"ओढायचा कसा?"

त्याने पुढून चार वॉशर चढवले, नट उलटा लावला आणि पाना तिच्या हातात दिला. नीलांबरी पाना फिरवत गेली आणि स्टड हळूहळू पुढे सरकत जागेवर बसला. एवढी साधी युक्ती... ती कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिली.

गाडी रस्त्यावर काढली. ब्रेक दाबला. स्टीअरिंग पूर्वीसारखंच थरथरलं.

"म्हणजे स्टडचा आणि या वॉबलचा संबंध नव्हता," ऋषी समाधानाने म्हणाला.

"हे आधीच सांगायचं ना!"

"आधी नक्की नव्हतं."

दुसऱ्या शनिवारी त्याने चाकामागच्या डिस्कला एक छोटं घड्याळासारखं मीटर लावलं. डिस्क हाताने फिरवली की काटा एकाच जागी दचकल्यासारखा उडायचा.

"टायरवाला म्हणाला होता, डिस्क वाकलीय," नीलांबरी म्हणाली.

"सगळे तसंच म्हणतात." त्याने डिस्क काढली आणि तिच्यामागची बैठक दाखवली. एका कडेला गंजाचा पापुद्रा होता, कागदाएवढा. "डिस्क याच्यावर तिरकी बसली. मग फिरता फिरता एकीकडे झिजली. वाकलेली काही नाही."

नीलांबरीने बोट फिरवलं. लागलं न लागलंसं काहीतरी.

"एवढ्याशाने अख्खी गाडी हलते?"

"एवढ्याशानेच हलते."

तो तिच्याकडे बघत होता. मग लगेच मीटरकडे बघायला लागला, जणू काटा अजून हलत असावा.

ऋषीची आई, सुलेखाकाकू, पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "काय गं, गुरुदत्तकाकांची गाडी याने एका दुपारी करून दिली. तुझीच बरी दोन आठवडे चाललीय?"

"डिस्क ऑर्डर करायचीय, आई."

"हो का? आणि काकांची काय झाडाला लागली होती?"

ऋषीने डोकं चाकाच्या कमानीत खुपसलं. कान मात्र बाहेर राहिले – लाल.

नीलांबरीने गालातलं हसू पोह्यांत लपवलं. घरी जाताना मात्र तिला एकच प्रश्न पडला होता. हा माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही. मग हे तो कधी मोजणार? शनिवार एकच उरला होता, आणि तो तर निघायचा.

नव्या डिस्क गुरुवारी आल्या. शुक्रवारी संध्याकाळी ऋषीने गंज ब्रशने घासून काढला, दोन्ही बाजूंना त्या बसवल्या, पुन्हा मीटर लावलं. काटा जवळजवळ हललाच नाही. मग त्याने मखमली खोक्यातून एक लांब पाना काढला. ठरलेला जोर लागला की तो टक् असा वाजायचा.

"हा त्याच्या बाबांनी ग्रॅज्युएशनला दिलेला," काकू दारातून म्हणाल्या. "मलासुद्धा हात लावू देत नाही."

ऋषीने पाना नीलांबरीपुढे धरला. काकू आत गेल्या.

"शहात्तर फूट-पाउंडांवर सेट आहे. एक सोडून एक नट घे. टक् झालं की थांब."

टक् झालं. ती थांबली. तोही थांबला. पावसाचा आवाज तेवढा पत्र्यावर येत राहिला...

मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात तिने ब्रेक दाबला. स्टीअरिंग शांत. गाडीत आता एकही दोष उरला नव्हता, आणि ट्रॉयमध्ये थांबायला एकही कारण.

"पन्नास मैलांनंतर नट पुन्हा चेक करावे लागतात," परतल्यावर ऋषी म्हणाला. "नवे पार्ट जरा बसतात, मग ढिले होऊ शकतात."

"उद्या पन्नास मैलांवर मी अ‍ॅन आर्बरला असेन. तिथला टायरवाला करेल की."

"करेल. एअर गनने."

तिला हसू आलं. "मग?"

"मग मी येतो."

शनिवारी सकाळी अ‍ॅन आर्बरच्या एक्झिटवर, कॉफीच्या दुकानासमोर, ऋषी खोकं घेऊन उभा होता. त्याने चारही चाकांचे वीस नट तपासले. वीस वेळा टक् झालं. एकही नट तसूभर फिरला नव्हता.

"म्हणजे उगीचच आलात," ती म्हणाली.

"तपासल्यावरच कळतं ना."

 कॉफी निवत होती. नीलांबरीला गुरुवारी ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. ऊन चढायच्या आत निघायला हवं होतं.

"पुढचं चेकिंग कधी?" तिने विचारलं.

"तेवीसशे मैलांनंतर," तो म्हणाला. फार पटकन.

"मॅन्युअलमध्ये एकदाच करायला सांगितलंय. मी सगळं वाचलंय."

"मॅन्युअलवाल्यांनी... तुझा रूट पाहिलेला नाही."

"टेस्ट केलंत हे?"

"नाही." त्याने श्वास घेतला. "हा गेस आहे."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. डेट्रॉइट ते सिअ‍ॅटल, एकवीस ऑक्टोबर. नीलांबरी टेस्टर होती. तिने तळाची बारीक अक्षरंही वाचली. छापल्याची तारीख बुधवारची होती.

"बुधवारी तर डिस्कसुद्धा आल्या नव्हत्या."

"हो."

"गाडी नीट झालीच नसती तर? मी गेलेच नसते तर?"

"गाडी नीट होणारच होती. तेवढं मला येतं." तो चाकाकडे बघत म्हणाला. "आणि तू गेली नसतीस, तर तिकीट कॅन्सल करताना मला फार आनंद झाला असता. मला ना, नीलांबरी... शनिवार असे रिकामे नकोयत."

तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मग वाकून मखमली खोकं उचललं आणि आपल्या डिकीत, शिदोरीच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

"अगं, तो बाबांचा–"

"माहीत आहे. कुणाला हात लावू देत नाहीस." डिकी बंद झाली. "एकवीस तारखेला येऊन घेऊन जा. विमानात नाहीतरी तुला कुणी तो हातात धरून बसू देणार नाही, ऋषी."

तिने पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून, डावीकडून जरा जास्त, हसत उभा होता.

हायवेला लागण्याआधी सिग्नल लाल झाला. नीलांबरीने ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली, स्टीअरिंग जराही हललं नाही. सिग्नल हिरवा होईपर्यंत ती बोटांवर एकवीस तारखेपर्यंतचे दिवस मोजत राहिली.