वळणावर गाडी हळू झाली

तिने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. कपड्यांच्या खोलीत एक अनोळखी माणूस उभा होता. गाडीवानाचा कोट उलटा करून त्याचं अस्तर त्याने खिडकीच्या उजेडात धरलं होतं.

"काय शोधताय?"

तो दचकला नाही. तिला पहिल्यांदा खटकलं ते हेच. त्याने कोट सावकाश सुलटा केला, खांद्याची शिवण बोटाने सारखी केली आणि म्हणाला, "गोळी कुठे लागते ते बघत होतो."

"डावीकडे, छातीत. भोक अजून पाडलेलं नाही. ते आम्ही पाडू."

"बरं," तो म्हणाला. जाताना त्याची नजर तिच्या बाहीवर गेली आणि तो हसला. तिच्या बाहीवर नेहमीसारखी टाचण्यांची रांग खोचलेली होती. सिनेमाचं सगळं युनिट तिला 'टाचणी'च म्हणायचं. पण हा तर युनिटमधला नव्हता, मग याला हसू कशाचं...

सिनेमा होता शंभर वर्षांपूर्वीच्या एका खुनावर. छापखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाने भर रस्त्यात मंत्र्याच्या बग्गीवर गोळ्या झाडल्या होत्या. मंत्री मेला, मारेकरी फासावर गेला. आणि पुढे बसलेला गाडीवान, ज्याचं कुणाशीच वैर नव्हतं, तोही जागच्या जागी गेला. मारेकऱ्याला हुतात्मा मानणारे आणि माथेफिरू म्हणणारे, दोघेही सिनेमावर चिडलेले होते. धमक्या येत होत्या. सेटवरचे फोटो कुणीतरी बाहेर पोचवत होतं. मॅनेजरने सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं, आणि कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी तर तिला बजावलंच होतं, कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, अगदी माझ्यावरसुद्धा.

दुपारी तोच माणूस मापं द्यायला आला. गाडीवानाचं काम करणाऱ्या नटाला घोडे आवरत नव्हते, म्हणून धावत्या गाडीच्या दृश्यांसाठी हा खरा गाडीवान आणला होता. तिने त्याच्या अंगावर कोट चढवला आणि पाठीमागून टाचण्या लावायला लागली. तो मात्र विचारतच राहिला. गाडीवानाचा चेहरा दिसणार का? मारेकऱ्याशी तो हातमिळवणी करतो ते दृश्य कधी आहे? तो फितूर होता हे कुणी ठरवलं?

तोंडात टाचण्या धरूनच तिने सांगितलं की तेव्हाही सगळे त्याला फितूरच म्हणत होते. रोज भरधाव जाणारी गाडी नेमकी त्याच दिवशी वळणावर हळू झाली, म्हणून तर मारेकऱ्याला नेम धरता आला.

"तुम्ही फार प्रश्न विचारता," ती शेवटी म्हणाली.

"आणि तुम्ही हातात टाचणी असताना उत्तरं देता. घाबरायला होतं."

"घाबरलेलंच बरं. श्वास सोडा... कोट घट्ट होईल."

त्याने श्वास सोडला. तिची बोटं त्याच्या मानेजवळ क्षणभर थांबली, आणि मग तिने उगाचच एक जास्तीची टाचणी लावली.

शूटिंग त्याच जुन्या रस्त्यावर, त्याच वळणावर होतं. कपड्यांची खोली समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. ती सकाळी लवकर यायची, आणि रोज खिडकीतून तिला एकच दिसायचं. रस्ता रिकामा, आणि हा माणूस रिकामी बग्गी त्या वळणावरून पुन्हा पुन्हा पळवतोय. चाकं दगडांवर खडखडत, घोडे सुसाट. मग तो खाली उतरून कोपऱ्यावर उभा राहायचा, मारेकरी उभा होता तिथे... आणि नुसता बघत राहायचा.

गोष्ट खरी विचित्र झाली ती कॅमेरा सुरू झाल्यावर. खुनाच्या आदल्या दिवसांची दृश्यं होती. बग्गी भरधाव निघून जाते, मारेकऱ्याची संधी हुकते. आणि सकाळी वाऱ्यासारखी जाणारी गाडी कॅमेऱ्यापुढे वळणावर आली की हळू व्हायची. प्रत्येक वेळी. दिग्दर्शकाचा घसा बसला. गर्दीतल्या लोकांच्या टोप्या हातात घेऊन ती कोपऱ्यावर उभी असायची, आणि गाडी इतकी जवळून, इतकी सावकाश जायची की तिला त्याच्या पापण्या दिसायच्या.

याच्या मनात काहीतरी आहे, एवढं तिला पक्कं कळलं.

सुट्टी झाल्यावर तिने त्याला घोड्यांपाशी गाठलं. आपण सगळं मॅनेजरच्या कानावर घालणार आहोत, असं तिने सरळ सांगून टाकलं. तो घोड्याची पाठ पुसत होता. त्याचा हात थांबला.

"तो गाडीवान माझा पणजोबा होता," तो म्हणाला.

मग त्याने हळूहळू सांगितलं. पणजीच्या दारावर लोकांनी डांबराने 'फितूर' लिहिलं होतं. घासून घासून दार झिजलं, अक्षरं गेली नाहीत. शेवटी तिने पोरं आणि घोडे घेऊन गाव सोडलं. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर एकच सांगितलं होतं, की ते वळण भरधाव घेताच येत नाही, कुणालाही तिथे गाडी हळू करावीच लागते. आता त्यांचे गुडघे गेले. म्हणून खात्री करायला तो आला होता.

"मग?"

"घोडे धावतात तिथे. बाबांचं चुकत होतं."

पण संशयाची सवय अशी सहज सुटत नाही.

"मग कॅमेऱ्यापुढे गाडी हळू का करतोस?" तिने विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "खोटा पुरावा तयार करतोयस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. दुखावल्यासारखं. "तसं करता आलं असतं... मला सुचलंच नाही."

"मग का?"

"सांगेन," म्हणत तो दुसऱ्या घोड्याकडे वळला.

रविवारी त्याने तिला घरी येशील का विचारलं. वडिलांना एकट्याने सांगायचा धीर होत नव्हता. मावशी म्हणाल्या, जातेस तर जा, पण दाराजवळ बस.

दार वडिलांनीच उघडलं. त्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि हिचं इथे काय काम, असं तिच्यासमोरच मुलाला विचारलं. मुलगा का कू करायला लागला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. वडील भिंतीला टेकून ऐकत होते.

"ओल्या दगडांवर पळवून पाहिलीस?"

"पाहिली, बाबा."

म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे तो फितूरच होता."

"ते मला माहीत नाही. गाडी त्याने स्वतःहून हळू केली, एवढंच कळलं." तो थांबला. "बाबा, मीही केली. रोज. दिग्दर्शक ओरडत होता तरी."

"का?"

त्याने खाली पाहिलं, मग तिच्याकडे. "कोपऱ्यावर ही उभी असायची."

तिचे कान तापले. वडिलांनी तिला विचारलं, हे खरं का. तिने कसंबसं सांगितलं की आपल्यालाही आत्ताच कळतंय. म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने स्वतः पुढे होऊन खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बस, पोरी. मघापासून उभीच आहेस."

परतताना तो तिला सोडायला बरोबर निघाला.

"उद्या मी कोपऱ्यावर नसेन," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "रागावलीस?"

"वर खिडकीत असेन. एकदाचा तो शॉट होऊ दे."

"आणि मग?"

"मग... खाली येईन."

सकाळी त्याने दिग्दर्शकाला पणजोबांचं सांगितलं. दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं, पण हातमिळवणीचं दृश्य तसंच ठेवलं. तुझ्याकडे तरी दुसरा पुरावा कुठे आहे, असं त्याने विचारलं, आणि ते खोटं नव्हतं. त्या दृश्याच्या दिवशी मी सेटवर नसेन, एवढंच सांगून तो गाडीवर चढला.

बग्गी वळणावर आली, भरधाव. घोड्यांच्या आयाळी उडाल्या, धूळ उठली, आणि त्याने मान वळवून वर पाहिलंसुद्धा नाही.

खिडकीत तेव्हा कुणी नव्हतंच. दिग्दर्शकाने 'कट' म्हणायच्या आधीच ती जिना उतरायला लागली होती.