सायलसच्या दगडावरची शेवटची ओळ

"त्या दगडाला नखं लावू नका. आधीच बिचाऱ्याचं निम्मं नाव झिजलंय."

रोवेनानं दचकून हात मागे घेतला. चर्चमागच्या उंच गवतात, विळा घेतलेला एक तरुण हसत उभा होता.

"मग वाचायचं कसं?"

"आरशानं."

त्या तरुणानं, गिडियन हॉब्डेनं, दाढीचा आरसा आणला आणि ऊन तिरपं पाडलं, तशी थडग्यावरची पुसट अक्षरं सावली धरून वर आली.

"मेलेलेही उठले बघा तुमच्यासाठी. कोणाला शोधताय?"

"खापरपणजोबांना. जोनास टॅपर. त्यांनी हे गाव एका रात्रीत का सोडलं, घरात कोणी सांगतच नाही."

आरसा क्षणभर हलला. असा क्षण तरुण मुली आपल्या सौंदर्याच्या खात्यात जमा करतात, रोवेनानंही केला.

मग रोज आरसा, रोज ऊन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. फक्त दुकानात ती शिरली की बायका गप्प व्हायच्या... आणि झाडाखालच्या सायलस हॉब्डेच्या दगडापाशी गिडियनचा आरसा नेहमी शेवटच्या ओळीच्या वरच थांबायचा.

"खाली काय आहे?"

"शेवाळ. पूर्वज माझा आहे, मला माहीत."

एके दिवशी त्याला उशीर झाला. तिनं पर्समधला इवलासा आरसा काढला. उजेड खाली सरकला.

'जोनास टॅपरच्या खोट्या साक्षीमुळे तुरुंगात मेला.'

तिनं आरसा घाईनं पर्समध्ये टाकला. त्याला कळलं तर... पाचची बस धरावी, न सांगता. पण मागे गवत सळसळलं.

"वाचलंस?" गिडियनच्या आवाजात हसू नव्हतं.

"तुला... माहीत होतं?"

"टॅपर हे नाव इथं कोणी मांजरालाही ठेवत नाही. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग लपवलंस का?"

"वाचलंस की निघून जाशील, म्हणून." तो दगडाकडेच बघत होता. "रोज घाबरत यायचो."

"आणि घरी तुझी आई काय म्हणते?"

"म्हणते, टॅपरांच्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस."

रोवेना त्याच्याकडे वळली. "म्हणजे आता मी काही बोलले... तर तू खोटंच धरणार."

"बोलून तर बघ."

"मला तू हवा आहेस."

"साक्षीला कोण?"

तिनं थंडगार दगडावर तळहात टेकवला. "सायलस हॉब्डे."

वळणावर पाचच्या बसनं भोंगा दिला. दोघांनी ऐकला. बस गेली.

मग त्याचा हात तिच्या हातावर आला.