गालांची साक्ष

"लाजताय कशाला मॅडम? नुसता भाव तर सांगितला..."

दौलताबादच्या रस्त्यावर, सीताफळांच्या टोपल्यांमागून तो असं म्हणाला आणि मी स्कूटी बंद केली. ऑक्टोबरचं ऊन, हेल्मेट, आणि गालांवर नेहमीची आग.

"मी लाजत नाही. हा रोझेशिया आहे. गालातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात — उन्हानं, चहानं, तिखटानं. तुमच्यामुळं नाही."

"बरं झालं. मला वाटलं, भाव लई लावला."

मी हसले. तो एक पाऊल सरकला. त्याची सावली माझ्या चेहऱ्यावर पडली.

सोमनाथ त्याचं नाव. बाग स्वतःची. पाण्याचे नमुने गोळा करायला मी त्या बाजूला जायचेच. पण इतकी सीताफळं काही लागत नव्हती. त्यानं पुन्हा कधी माझ्या गालांवरून काही ताडलं नाही. विचारायचा. "राग आला का?" "ठेचा चालंल का?" — आणि उत्तराची वाट बघायचा. बाकी सगळे, प्रयोगशाळेतल्या साहेबांपासून आत्यापर्यंत, गाल बघून अर्थ लावून मोकळे होत. माझे गाल माझ्याआधी बोलत, आणि बहुतेक वेळा खोटं.

म्हणून मी लेझर करायचं ठरवलं. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिसणाऱ्या वाहिन्या फिक्या होतील, आजार मुळातून जाणार नाही. आणि आठवडाभर जांभळे डाग राहतील.

"आठवडाभर?" सत्यभामा आत्या किंचाळली. "अगं, रविवारी पाहुणे येतेत! फोटोतले लाल गाल बघूनच भाळलेत. पोरगी लाजरी हाय म्हणले. लग्न झाल्यावर कर की काय करायचं ते!"

"म्हणजे त्यांना माझा आजार पसंत पडलाय, आत्या. येऊ नका म्हणून मीच कळवते."

आणि कळवलं.

लेझरच्या वेळी डोळ्यांवर पट्टी होती. रबर ताणून सोडावं तसे चटके बसत होते. मला त्या प्रकाशाचं कौतुक वाटलं. कातडीतून आरपार जातो आणि रक्ताचा लाल रंग तेवढा हेरतो.

रविवारी ऊन उतरल्यावर, जांभळे गाल झाकायचा प्रयत्नही न करता मी दौलताबादला गेले.

सोमनाथ उभा राहिला. "कुणी मारलं?"

"प्रकाशानं. माझ्याच सांगण्यावरून."

"दुखतंय?"

"नाही."

"अन् आज पाहुणे येणार म्हणाल्या होत्या ना तुम्ही..."

"मी नको म्हटलं."

तो नीट रचलेली फळं पुन्हा रचू लागला.

डिसेंबरात दुसरं सिटिंगही झालं. हंगामाची शेवटची टोपली होती. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"पंचाईत झाली," तो म्हणाला. "तुम्ही ऊन म्हणायच्या, चहा म्हणायच्या... पण त्यातला थोडा लाल मी माझ्या नावावर धरायचो. आता गाल काहीच सांगंनात."

"म्हणूनच तर केलं. आता मी सांगणार." मी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "सोमनाथ, तू मला आवडतोस. नीट विचार करून सांगतेय."

त्याचे आधी कान, मग मान, मग अख्खा चेहरा लालबुंद. सूर्य केव्हाच किल्ल्यामागं गेला होता. तरीही चेहऱ्यावरून ताडायचं नाही, हे मी त्याच्याकडूनच शिकले होते.

"ऊन लागलं का?" मी विचारलं.

"नाय..." तो म्हणाला. "लाजतोय."