चौकोन झाकलेलं विमान

माझी शाळा युद्धाने मध्येच सोडवली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. शब्दही साधेच आहेत. पण दिवा जरा जवळ ओढा. लुत्सियानची ही गोष्ट घडली तेव्हा त्या टेबलाशी मीही बसलो होतो, आणि जे मी पाहिलं नाही ते त्याने मला पुढे स्वतः सांगितलं.

त्या दुपारी आमच्या मेकॅनिक लुत्सियानला काम अगदी साधं होतं. राखाडी रंगाचा डबा, एक ब्रश आणि एक विमान.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आमच्या पोलिश तुकडीचं तेवढंच लढाऊ विमान उरलं होतं. एकोणीसशे सेहेचाळीसचा डिसेंबर. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा आमची पोरं आकाशात हवी होती. उन्हाळ्यात विजयाची मिरवणूक निघाली, तेव्हा पोलिश फौजेला बोलावणं नव्हतं. मूठभर वैमानिकांना तेवढं आलं. ते म्हणाले, "सगळे नाहीत, तर आम्हीही नाही." आता गावातल्या भिंतींवर खडूने लिहिलेलं असायचं, 'पोलिशांनो, घरी जा.'

विमानाच्या नाकावर लाल-पांढरे चार चौकोन होते, आमच्या देशाची खूण. सामानाची तपासणी करणारा इंग्रज अधिकारी ग्रीव्ह्ज म्हणाला होता, "हे झाकून टाक. उद्या सकाळी सुट्टीवर जाताना मी बघून जाईन."

"नाही झाकलं तर, साहेब?"

"तर तुझ्या इथे राहण्याच्या अर्जावर माझा वाईट शेरा पडेल. जानेवारीत बोट आहेच. जा आपल्या घरी."

घरी! लुत्सियानचा थोरला भाऊ गेला होता घरी. विमानदलाचा गणवेश घालून, आईला भेटायला. तिथल्या नव्या, रशियाच्या मुठीतल्या सरकारने आठवड्याच्या आत त्याला 'इंग्रजांचा हेर' म्हणून उचललं. पुढे त्याचं काय झालं, कुणालाच कळलं नाही.

लुत्सियान मुळातच मुखदुर्बळ. त्याने मान खाली घातली आणि ब्रश बुडवला. पण हात जड झाला होता. त्याचा वैमानिक अल्बिन आपल्या विमानात चढण्याआधी त्याच्यावरच्या अशाच चौकोनांवर टिचकी मारायचा. टक, टक. मग लुत्सियान त्याचे पट्टे आवळून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी, नाताळच्याच तोंडावर, अल्बिन समुद्रावरून परत आला नाही.

शेवटचा चौकोन राखाडी झाला तेव्हा धुकं मैदानावर उतरत होतं.

ती नाताळची पूर्वसंध्या. आमच्यात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. टेबलाशी एक पान जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. पत्र्याच्या बराकीत बीटाचं सार उकळत होतं, आणि आचारी बर्नार्द दारातून ओरडत होता, "लुत्सिक, दिसला का रे तारा? पोटात कावळे ओरडतायत!"

"धुकं आहे..." लुत्सियान पुटपुटला.

"या देशात तारा शोधत बसलो तर ईस्टरला जेवू! अरे, चंद्रसुद्धा इथे रेशनवर मिळतो!"

तेवढ्यात धुक्यात, समुद्राच्या अंगाला, एक पांढरा ठिपका उजळला. लुत्सियान हरखून ओरडला, "तारा! तारा आला!"

सगळे बसले. कॅप्टन इग्नात्सींनी पातळ पापडीसारखी पवित्र पोळी मोडली, एकेक तुकडा प्रत्येकाला दिला, एक रिकाम्या ताटलीत ठेवला. चमचे साराला लागले न लागले, तोच वरून घरघर ऐकू आली. अडखळत चालणारं इंजिन.

"आज उडायची परवानगी कुणाला?" कॅप्टनांनी हळूच विचारलं.

"कुणालाच नाही," बर्नार्द म्हणाला. "टाक्यांत पेट्रोलच नाही, कॅप्टन."

आवाज बराकीवरून गेला. लांब गेला. परत आला.

"घिरट्या घालतोय... उतरायला जागा सापडत नाही बिचाऱ्याला," टेबलाशी कुणीतरी कुजबुजलं.

मग बाहेरून पत्र्यावर टिचकी वाजली. टक... टक.

कॅप्टन उठले. "आजच्या दिवशी दार उघडायचंच असतं," म्हणाले आणि त्यांनी कडी काढली. बाहेर फक्त धुकं. ते आत शिरलं. त्याला पेट्रोलचा वास होता, आणि खाऱ्या पाण्याचा.

रिकाम्या ताटलीतला तुकडा नव्हता.

लुत्सियान कंदील घेऊन धावत सुटला, थेट हँगरमध्ये. विमान तसंच होतं. बॅटरी काढलेली. तरी आत लटकलेल्या हेडफोनमधून खरखर येत होती.

"लुत्सिक..."

त्याने कंदील खाली ठेवला.

"लुत्सिक... आपलं मैदान कुठलं रे? चौकोन दिसत नाहीत... सगळं राखाडीच दिसतंय..."

त्याने चाकू काढला. राखाडी रंग अजून ओला होता. तो खरवडत सुटला, रॉकेलच्या बोळ्याने, मग नखांनी. पांढरा आला. लाल आला. नखांतून रक्त निघालं तरी तो थांबला नाही. वरची घरघर खाली खाली येत गेली. धावपट्टीवर चाकं किंचाळली.

मग सगळं शांत.

त्याच्या डोक्यावर, बंद काचेच्या आत, पट्ट्याचा खटका सुटला. त्याने वर पाहिलं नाही. चौकोनांवर, त्याच्या बोटांच्या अगदी शेजारी, टिचकी वाजली. टक. टक.

सकाळी ग्रीव्ह्जची मोटार आली, तेव्हा लुत्सियान लाल रंगाचा डबा घेऊन विमानापाशी उभा होता. काल जन्मभराचं मुकं असल्यासारखं वागलेलं ते पोर ताठ मानेने म्हणालं, "हे चौकोन आमचे आहेत, साहेब. शेरा मारायचा तर मारा. बोटीत बसवायचं तर बसवा. हे मी झाकणार नाही."

ग्रीव्ह्ज लालबुंद झाला. त्याने खिशातून पेन काढलं. मग त्याची नजर लुत्सियानच्या डोक्यावरून वर गेली, आणि तिथेच थिजली. हातातलं पेन खाली पडलं.

"तुमचा तो... वर बसलेला माणूस," तो पुटपुटला. "इतका भिजलाय कसा?"

लुत्सियानने वळून पाहिलं नाही. त्याने ब्रश लाल रंगात बुडवला आणि खरवडलेला शेवटचा चौकोन भरायला घेतला.